आकाशात ‘कायतरी’ दिसलं, तर सांगायचं कुणाला?

कांदेनवमी

केनियातली बातमी बहुतेकांनी वाचली असेल. ३० डिसेंबर २०२४ ला मकुएनी परगण्यातल्या मुकुकू गावात आभाळातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. व्यास अडीच मीटर, वजन पाचशे किलोच्या घरात. त्यांच्या अंतराळ संस्थेची माणसं लगोलग आली, कडं ताब्यात घेतलं आणि रॉकेटचे टप्पे वेगळे करताना सुटणारं हे कडं असावं, असं निवेदनही काढलं. वाचताना सगळ्यांना आपलं चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही आठवलं असणार.

पण माझा प्रश्न पडलेल्या वस्तूचा नाही. नुसत्या दिसलेल्या उजेडाचा आहे.

माझे मामा निफाड तालुक्यात शेती करतात. शेतीची लाइट रात्रीची असली की कांद्याला पाणी भरायला रात्रभर रानात. या थंडीत त्यांना तीन प्रकारचे दिवे दिसले. एक मोठा, न लुकलुकणारा, रोज दिसणारा. एकदा दिव्यांची चालती रांग. आणि एकदा लाल दिवा, बराच वेळ एका जागी उभा, मग गायब. मामांनी सरळ मनाने ठाण्यात जाऊन सांगितलं. तिथल्या अंमलदाराने विचारलं, “बाबा, थंडी लई होती का? किती घेतली होती?” मामा माळकरी. तेव्हापासून ते या विषयावर गप्प आहेत आणि “परत ठाण्याची पायरी चढायची नाही” असा मामीचा हुकूम आहे.

तर हे काम नेमकं कुणाचं? इस्रोचं, हवाई दलाचं, हवामान खात्याचं, की तहसीलदारांचं? असं एखादं खातं असावं का? माझं मत, असावं. अनुभव लिहा. मामांची टिंगल नको.

उंटावरचा शहाणा

टिंगल नाही, शंका आहे. कांद्यावरचं २०२४ चं वीस टक्के निर्यातशुल्क पृथ्वीबाहेरच्या मालालाही लागू होतं का, हे विचारायला कुणी आलं असेल तर मामांनी पावती घेऊन ठेवावी.

झाडीपट्टी

सिंदेवाहीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी नागभीडचा.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, शनिवार. गुढ्या नुकत्याच उतरवल्या होत्या. पावणेआठच्या सुमारास आभाळातून लाल-पिवळ्या जाळाचे गोळे एका ओळीत चालले. आवाज नाही, घाई नाही. उल्का मी पाहिल्यात, त्या डोळा लवेपर्यंत जातात. हे आरामात चाललं होतं. लोक अंगणात उभे राहून हात जोडत होते. आमच्या शेजारची आजी म्हणाली, “काय तं बाप्पा, पाडव्याच्या दिवशी हे!” कुणी म्हणे विमान जळलं, कुणी म्हणे युद्ध लागलं. त्या वेळी युक्रेनच्या बातम्या रोज चालू होत्या, त्यामुळे क्षेपणास्त्र म्हणणारेही निघाले.

थोड्याच वेळात फोन सुरू झाले की सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत लोखंडी रिंग पडली. रिंग म्हणजे तीन मीटरच्या आसपास व्यासाची, वजन चाळीस किलोच्या वर. गावात कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पुढे पवनपारकडे धातूचा गोळा सापडला. मग तालुक्यात ज्याला त्याला जंगलात गोळेच दिसायला लागले. मोहफुलाचे दिवस, लोक पहाटेपासून रानात असतातच.

आता तपासाचं. आधी पोलीस, मग तहसीलदार, मग जिल्हाधिकारी. वस्तू सिंदेवाही ठाण्यात जमा. तिथे लोक रिंगसोबत फोटो काढायला यायचे. आठवड्याभरात इस्रोचे शास्त्रज्ञ आले, त्यांनी गावात जाऊन जागा पाहिली, लोकांशी बोलले आणि वस्तू तपासायला नेल्या. म्हणजे आपल्याकडे यंत्रणा हलते राजेहो. फक्त आभाळातून काहीतरी पडावं लागते. तुमच्या मामांनी एखादा बोल्ट तरी नेला असता तर चहा मिळाला असता.

निशाचर

झाडीपट्टी, उत्तम लिहिलंत. तुमचं “आरामात चाललं होतं” हे वाक्य तपासणाऱ्याच्या दृष्टीने सोन्यासारखं आहे. उल्का बहुधा एकदोन सेकंदांत विझते, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. रॉकेटचा टप्पा किंवा उपग्रह परत येतो तो सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि अगदी तिरपा. म्हणून मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, तुकड्यांची माळ चालताना दिसते. साधारण ८० किलोमीटर उंचीवर त्याचे तुकडे व्हायला लागतात. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, ते संपतं. टायटॅनियमला १,६०० च्या वर लागतात. रॉकेटमध्ये उच्च दाबाचा वायू भरायच्या गोल टाक्या असतात, त्या पुष्कळदा अशा टिकाऊ धातूच्या असल्याने जमिनीपर्यंत पोचतात. म्हणून जगभर ‘आकाशातून गोळे पडले’ अशा बातम्या येतात.

आणि त्या संध्याकाळी तो जाळ गुजरात, मध्य प्रदेश, खानदेश, विदर्भ सगळीकडे दिसला. ८० किलोमीटर उंचीवरची गोष्ट सपाट क्षितिजावर हजार किलोमीटरवरूनही दिसू शकते. तरी प्रत्येक गावातला माणूस सांगत होता की ते शेजारच्या शिवारात पडलं. खोटं बोलत नव्हते. रात्री आकाशातल्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळतच नाही, दोन किलोमीटर आणि दोनशे किलोमीटर सारखेच दिसतात.

ओळख पटवतानाही गंमत झाली. त्याच संध्याकाळी भारतीय वेळेनुसार ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडहून रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन उडालं होतं. वेळ जुळली म्हणून पहिला संशय त्याच्यावर. पण कक्षा जुळेना. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. तो वर्षभर फिरत होता आणि त्या दिवशी पडणारच होता.

कांदेनवमी, मामांना चार गोष्टी विचारा. घड्याळातली वेळ. दिशा, म्हणजे कोणाच्या घरावर किंवा कोणत्या डोंगरावर. उंची, हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश). आणि किती वेळ दिसला. रंग, आकार, “केवढा मोठा” हे शेवटी विचारा, त्यात माणूस सगळ्यात जास्त फसतो.

फोडणी

रस्त्यावरचे खड्डे मोजायला माणूस नाही आणि तुम्हाला आकाशातले दिवे मोजायला खातं पाहिजे. धन्य.

संकासुर

आमच्या तळकोकणात हे खातं पूर्वीपासून होतं. वेताळाची पालखी! रात्री डोंगरावर मशालींची रांग चालताना दिसली की ती वेताळाची, तिच्या वाटेत जायचं नाही, विषय संपला. तक्रार नाही, पंचनामा नाही. घरात यायचं, पाय धुवायचे, झोपायचं. माझ्या आजोबांनी पाहिली होती असं ते सांगायचे. वडिलांचं म्हणणं, ते खेकडे पकडायला गेलेले लोक, हातात चुडी, म्हणजे पेटत्या मशाली. आजोबा म्हणायचे, “खेकडे धरणारे माका म्हायत नाय काय? ते हसतत, ही पालखी गप होती.”

निशाचर, यावर काय म्हणणार?

निशाचर

संकासुर, आजोबांशी वाद घालायची माझी टाप नाही. पण “गप होती” ही नोंद त्यांनी बरोबर घेतली आहे :)

एडिसनकर

धागा अगदी वेळेवर आलाय. आम्ही न्यू जर्सीवाले नोव्हेंबर २०२४ पासून याच प्रकरणात आहोत.

सुरुवात मॉरिस काउंटीत, पिकाटिनी शस्त्रागाराच्या परिसरातून. रात्री ड्रोन दिसतात, मोटारीएवढे मोठे आहेत, म्हणून लोक सांगू लागले. मग संपूर्ण राज्य आभाळाकडे बघायला लागलं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज नवे व्हिडिओ. मी स्वतः दोन व्हिडिओंत नेवार्कला उतरणारी विमानं ओळखली, कारण तो मार्ग आमच्या घरावरूनच जातो. हे सांगितल्यावर एका काकूंनी मला “तू सरकारचा माणूस का रे?” असं विचारलं.

एफबीआयने फोन नंबर दिला. पाच हजारांच्या वर खबरी आल्या. त्यातून पुढे तपास करण्याजोग्या शंभरच्या आसपास. १६ डिसेंबरला एफबीआय, अंतर्गत सुरक्षा खातं, विमान वाहतूक प्रशासन आणि संरक्षण खातं या चौघांनी मिळून निवेदन काढलं: कायदेशीर व्यावसायिक ड्रोन, हौशी ड्रोन, पोलिसांचे ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टरं, आणि चुकून ड्रोन समजलेले तारे. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी हॉगन यांनी आपल्या घरावरच्या ड्रोनचा व्हिडिओ टाकला होता, त्यात मृग नक्षत्र निघालं. तीन तारे ओळीत!

गंभीर बाजू ही की लोक विमानांवर लेझर मारायला लागले. वैमानिकाच्या डोळ्यावर लेझर पडला तर काय होईल? मग एफबीआयला ते करू नका म्हणून सांगावं लागलं. लोकांना वेळीच, नीट, स्थानिक भाषेत उत्तर मिळालं नाही की हे होतं. त्यामुळे फोडणी, खातं नसणं हेही फुकट पडत नाही.

फोडणी

एडिसनकर, तुमच्याच उदाहरणात चार-चार खाती होती. तरी काकूंचा विश्वास बसला का? नाही. मग पाचवं काढून काय होणार?

गेवराईकर

न्यू जर्सी कशाला, आमच्याकडे या. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगरच्या खेड्यांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी होती. चोर आधी ड्रोनने घरं टिपतात आणि मग दरोडा टाकतात अशी वदंता. आमच्या गल्लीत पाळ्या लावून गस्त. पोरं काठ्या घेऊन, बायका गच्चीवर. अनोळखी माणूस दिसला की त्याची खैर नाही. पोलिसांनी गावोगाव बैठका घेतल्या, अफवा पसरवू नका म्हणून सांगितलं.

खरं काय होतं ते सांगतो. काही ड्रोन खरे असतील, हल्ली लग्नाचं शूटिंग करणाऱ्या प्रत्येक पोराकडे आहे. पण आमच्या गस्तीवाल्यांनी “आला, आला” म्हणून जे दाखवलं त्यात एक दिवा असा होता जो रोज त्याच ठिकाणी, थोडा थोडा वर सरकायचा. मी म्हणालो, अरे हा तारा आहे. उत्तर आलं, “तारा असता तर आधी का दिसला नाही?” आधी आभाळाकडे बघत कोण होतं?

त्या काळात एखाद्या वाटसरूला मार बसला असता तर? म्हणून माझं मत कांदेनवमींच्या बाजूने. खातं नको, पण ठाण्यात एक माणूस असा हवा जो “किती घेतली” न विचारता वेळ आणि दिशा लिहून घेईल.

माजी सुभेदार

तारा ओळखता येत नाही म्हणून गावकऱ्यांना हसणाऱ्यांसाठी. लडाखमध्ये पँगाँग तलावाजवळ २०१२ च्या ऑगस्टपासून २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या जवानांनी उडत्या दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या होत्या. त्यातल्या १५५ वेळा दिवे हद्दीच्या आत आले असं लिहिलं गेलं. संशय चिनी टेहळणीचा. शेवटी बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. निघाले गुरू आणि शुक्र. वर्तमानपत्रांनी तेव्हा फार खिल्ली उडवली.

मी उंचावर नोकरी केली आहे. तिथे हवा इतकी स्वच्छ आणि विरळ की ग्रह अंगावर आल्यासारखा वाटतो. बाजूला झाड नाही, घर नाही, कशाशी तुलना करणार? त्यात समोर खरोखर शत्रू आहे. एकटक पाहिलं की स्थिर दिवाही हलल्यासारखा वाटतो, हा डोळ्याचा धर्म आहे. नोंद करणं हे जवानाचं काम, त्याने ते चोख केलं. दिवा काय आहे हे ठरवणं दुसऱ्याचं काम. तो दुसरा सहा महिने उशिरा आला, एवढीच चूक.

निशाचर

सुभेदारसाहेब, दंडवत. नोंदी चोख होत्या म्हणूनच तर सोडवता आल्या. त्या हिवाळ्यात गुरू रात्रभर आकाशात होता आणि शुक्र पहाटेचा. तारे रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतात, ग्रहही जवळपास तसेच. रोजच्या वेळा लिहिलेल्या असल्या की ही सरक कागदावर उघडी पडते. ड्रोन पाठवणारा कुणीही रोज चार मिनिटं आधी निघत नाही.

जुना पेपरवाला

‘किती घेतली’ या प्रश्नाची किंमत किती असते ते ऐका.

मार्च १९६६, अमेरिकेतलं मिशिगन राज्य. डेक्स्टरजवळ एका शेतकरी कुटुंबाला दलदलीच्या बाजूला दिवे दिसले. दुसऱ्या रात्री हिल्सडेल कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहातून ऐंशीहून अधिक विद्यार्थिनींनी दिवे पाहिले, सोबत एक सरकारी अधिकारीही होता. अमेरिकी हवाई दलाचा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ तेव्हा अशा घटनांचा तपास करत असे. त्यांचे खगोलशास्त्राचे सल्लागार जे. ॲलन हायनेक तिथे गेले. काही दिवसांत डेट्रॉइटला पत्रकार परिषद. हायनेक म्हणाले की यातले काही दिवे दलदलीत कुजणाऱ्या वनस्पतींच्या वायूचे असू शकतात. त्यांनी ‘असू शकतात’ म्हटलं, मर्यादाही सांगितली. पण पेपरांनी उचललं ते फक्त ‘दलदलीचा वायू’. साऱ्या देशात हशा पिकला. मिशिगनचे लोक भडकले, आम्हाला काय गावंढळ समजता? त्यांचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. त्यातून हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या हाताखाली स्वतंत्र अभ्यास लावला. १९६९ च्या सुरुवातीला अहवाल आला, यातून विज्ञानाच्या हाती फारसं काही लागत नाही, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्लू बुक बंद. एकूण १२,६१८ नोंदी, त्यांपैकी ७०१ ची उकल नाही.

माझं म्हणणं एवढंच की वायूची शक्यता शास्त्रीय दृष्ट्या चूक नसेलही. पण ज्याने पाहिलं त्याच्याशी बोलण्याआधी जगाशी बोललं की उत्तर बरोबर असूनही वाया जातं. हायनेक पुढे स्वतः या खात्याचे टीकाकार झाले.

उंटावरचा शहाणा

७०१ ची उकल नाही म्हणजे ७०१ वेळा एलियन आले. हिशेब सोपा आहे. (हेल्मेट घातलं आहे.)

सईबाई

उंटावरच्या शहाण्यांच्या हेल्मेटवर एक टपली, आणि मुद्द्यावर येते. मी तुलूझला असते. फ्रान्सची अंतराळ संस्था क्नेस, तिचं मोठं केंद्र इथेच आहे आणि त्यात १९७७ पासून नेमकं हेच काम करणारा छोटासा विभाग आहे. आता त्याला जेपान म्हणतात. कांदेनवमींना हवंय ते अस्तित्वात आहे.

कसं चालतं? तुम्हाला काही दिसलं की त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज भरा, नाहीतर गावच्या जॉन्दार्मरीत, म्हणजे ग्रामीण पोलिसांकडे जबाब द्या. ते टिंगल करत नाहीत, कारण लिहून घेणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे. मग विभाग विमानांचे मार्ग, उपग्रह, हवामान, ग्रहांच्या जागा ताडून पाहतो. गरज पडली तर स्वयंसेवक तपासनीस घरी येतो, तुम्ही उभे होतात तिथे उभा राहतो, कोन मोजतो. शेवटी चार वर्ग. अ म्हणजे उलगडा झाला. ब म्हणजे बहुतेक झाला. क म्हणजे माहिती अपुरी. ड म्हणजे माहिती चांगली आहे, तरी उलगडा नाही. ड मध्ये आता तीन टक्क्यांच्या आसपास उरतात. २००७ पासून जुनी प्रकरणं नावं काढून सगळ्यांना वाचायला खुली आहेत.

मला त्यातला ‘क’ आवडतो. माहिती अपुरी आहे असं लेखी सांगणारं सरकारी खातं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. फोडणी, हा विभाग अगदी मोजक्या माणसांचा आहे. खड्ड्यांचा निधी पळवला जाणार नाही.

फोडणी

सईबाई, मोजकी माणसं हे आवडलं. पण ब्रिटनने काय केलं तेही लिहा. त्यांच्या संरक्षण खात्याची अशीच खिडकी २००९ मध्ये बंद झाली. कारण दिलं की पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका निघाला नाही, आणि माणसं दुसऱ्या कामाला हवीत. त्या वर्षी नोंदी सहाशेच्या वर गेल्या होत्या. लोक लग्नात उडते कंदील सोडत होते आणि शेजारी फोन करत होते. म्हणजे माझ्यासारखा विचार करणारं सरकार जगात आहे.

संकासुर

उडत्या कंदिलांवरून आठवलं, मुंबईत दिवाळीला पोलीस त्यावर बंदी घालतात. तरी आमच्या गिरगावातल्या गच्चीवर दर वर्षी एक तरी महाभाग असतोच. एकदा कंदील शेजारच्या वाळवणावर उतरला. कुरडयांची राख. त्याचा तपास मात्र चाळीने पाच मिनिटांत लावला होता.

तळटीप

कायद्याची बाजू राहून गेली. उजेडाला कायदा नाही, वस्तूला आहे.

१९६८ चा अंतराळवीर सुटका करार. त्याच्या पाचव्या कलमानुसार दुसऱ्या देशाची अंतराळ वस्तू आपल्या जमिनीवर सापडली तर सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं. त्या देशाने मागितली तर परत द्यायची. म्हणजे लाडबोरीची रिंग कुणी भंगारात विकली असती तर प्रकरण फक्त चोरीचं राहिलं नसतं.

१९७२ चा दायित्व करार. जमिनीवर नुकसान झालं तर सोडणारा देश भरपाईला बांधील, चूक सिद्ध करायची गरज नाही. मात्र मागणी सरकारने सरकारकडे करायची. गाजलेलं उदाहरण कॅनडाचं. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ त्यांच्या उत्तरेकडच्या भागावर फुटला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली.

आणि आपणही दुसऱ्या बाजूला असतो. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जुरियन बेजवळ किनाऱ्याला भलंमोठं नळकांडं लागलं. आधी पोलिसांनी लोकांना लांब ठेवलं. महिनाअखेरीस ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने सांगितलं, बहुधा इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग. म्हणजे तिथले गावकरी आपल्याबद्दल तेच बोलत असणार जे सिंदेवाहीत चीनबद्दल बोलले.

झाडीपट्टी

तळटीप, भंगाराचं बरं आठवलं. आमच्याकडे रिंग पडली त्या रात्रीच एकजण “किलोला काय भाव येईन?” विचारत होता. पोलीस वेळेवर आले म्हणून संयुक्त राष्ट्रं वाचली.

कांदेनवमी

एवढ्या प्रतिसादांबद्दल आभार. मामांना बोलतं करायला वेळ लागला. मामीला सईबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. फ्रान्समध्ये पोलीस लिहून घेतात हे ऐकल्यावर तीच म्हणाली, “सांगा हो, पोरगं विचारतंय तर.”

पहिला दिवा: पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे. दिवस मावळला की चार मुठी वर. सव्वानऊच्या सुमारास टेकडीआड जातो. पांढरा, डोळे दिपवणारा, रोज. मामांनी आपणहून सांगितलं की या शनिवारी, १८ तारखेला, त्याच्या जवळ एक बारीक पिवळसर चांदणी होती, दोन बोटांच्या अंतरावर. आधी ती लांब होती, रोज जवळ येत गेली.

दुसरा: पहाटे सहाच्या आधी, दारं धरून (पिकाला पाणी वळवून) परतताना. सारख्या अंतरावर दिव्यांची सरळ रांग, सगळे एकाच वाटेने, आवाज नाही, एका ठिकाणी पोचले की एकेक करून विझले.

तिसरा: मध्यरात्रीनंतर, उत्तरेला, एक मूठ वर. लाल. मामा म्हणतात “एक चिलीम ओढून व्हावी इतका वेळ” एका जागी होता. (मामा चिलीम ओढत नाहीत, मोजमाप म्हणून.) मग दिसेनासा झाला. तारीख आठवत नाही. थोडं धुकं होतं.

निशाचर

मामांना माझा नमस्कार सांगा. हौशी मंडळातले अर्धे लोक एवढी चांगली नोंद देत नाहीत.

पहिला शुक्र. या जानेवारीत (२०२५) तो सूर्यास्तानंतर जवळजवळ तीन तास पश्चिमेला होता आणि सूर्य-चंद्र सोडले तर आकाशातली सगळ्यात तेजस्वी गोष्ट तोच. १८ जानेवारीची बारीक चांदणी म्हणजे शनी. त्या संध्याकाळी दोघांत सव्वादोन अंशांच्या आसपास अंतर होतं. हात लांब धरून करंगळी एक अंश, म्हणजे मामांची दोन बोटं तंतोतंत. ग्रहांची युती त्यांनी दुर्बिणीशिवाय, पंचांगाशिवाय टिपली आहे.

दुसरी स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची माळ. मे २०१९ पासून हे उपग्रह एका झटक्यात डझनांनी सोडतात, पहिले काही दिवस ते ओळीत असतात. जमिनीवर अंधार आणि त्यांच्या उंचीवर ऊन अशी वेळ संध्याकाळी आणि पहाटे येते, तेव्हाच दिसतात. पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक विझतात. मामांनी सांगितलेलं ‘एका ठिकाणी पोचले की’ हा सावलीचा काठ.

तिसऱ्याबद्दल मात्र गप्प बसतो. ओझरचा विमानतळ त्याच तालुक्यात आहे. विमान सरळ तुमच्या दिशेने येत असेल तर त्याचा दिवा मिनिटभर जागेवर थांबल्यासारखा दिसतो. पण इतका वेळ? मनोऱ्यावरचा दिवा धुक्यातून क्षणभर उघडा पडला असेल, तर तो रोज दिसायला हवा. तारीख नसल्यामुळे काहीच ताडता येत नाही. सईबाई, वर्ग?

सईबाई

क. निःसंशय क.

गेवराईकर

म्हणजे तीनपैकी दोन इथेच सुटले, सरकार न हलता. आता फोडणी म्हणणार, बघा, खात्याची गरजच नाही.

फोडणी

मी म्हणणारच होतो. तुम्ही आधी बोललात.

तरी एक कबूल. इथे निशाचर आहेत म्हणून सुटलं. मामांच्या ठाण्यात निशाचर नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात एखादं हौशी खगोल मंडळ असतंच. त्यांचा नंबर ठाण्यात भिंतीवर लावायला पैसा लागत नाही. मी याच्यापुढे जाणार नाही.

माजी सुभेदार

फोडणी, एवढं सैन्याने २०१२ मध्ये केलं असतं तर सहा महिने वाचले असते. पाठिंबा.

तळटीप

माहितीसाठी: अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवायला इस्रोने जुलै २०२२ मध्ये बंगळुरूला स्वतंत्र केंद्र सुरू केलं, सिंदेवाहीनंतर तीन महिन्यांनी. पण त्याचं काम उपग्रहांची टक्कर टाळणं, काय कधी खाली येईल याचा अंदाज बांधणं. गावातल्या माणसाचा जबाब घेणं नाही. नासाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात सामान्य लोकांच्या मोबाइलवरून एकसारख्या पद्धतीची माहिती गोळा करण्याचा विचार मांडला आहे. म्हणजे मुठी मोजायचं काम फोन करेल.

एडिसनकर

धागा वर काढतो. काल, २८ जानेवारी २०२५ ला, व्हाइट हाउसच्या नव्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेविट यांनी सांगितलं की न्यू जर्सीवर उडणारे पुष्कळसे ड्रोन विमान वाहतूक प्रशासनाच्या परवानगीने संशोधनासाठी आणि इतर कारणांसाठी उडत होते, आणि हौशी लोकांचेही होते. कुणाचं संशोधन, कसलं, ते नाही. डिसेंबरातल्या निवेदनात हे का नव्हतं, तेही नाही. आमच्या काकूंनी गटावर एकच ओळ टाकली: “मी म्हणत होते ना?” आता पुढची दोन वर्षं ऐकावं लागणार.

जुना पेपरवाला

एडिसनकर, काकूंची चूक नाही. हप्त्याहप्त्याने उत्तर दिलं की प्रत्येक हप्त्याला ऐकणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी दडवलंय. १९६६ ला घाईने बोलले, आता उशिरा बोलले.

कांदेनवमी

ताजी खबर. मामांनी शेतातल्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला वही टांगली आहे. वेळ, दिशा, मुठी, किती वेळ, असे रकाने मामीने पट्टीने आखून दिले. लाल दिवा अजून परत आलेला नाही. वहीत आतापर्यंत शुक्र आहे, दोन विमानं आहेत आणि एक नोंद “बिबट्याचे डोळे, पूर्वेला, उंची शून्य मुठी, पळालो” अशी आहे.

उंटावरचा शहाणा

ही शेवटची वनखात्याला कळवा. तिथे खातं आहे.